वर्गणीतली हौस

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी ताडोबा आठवतो. 1955 साली घोषित झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. जिप्सी, प्रवेशशुल्क, गाईड, मुक्काम असा हिशेब मांडला तर चौघांच्या घराला एक फेरी काही हजारांना पडते, आणि वाघ दिसेलच याची हमी कुणी देत नाही. ज्याला परवडतं त्यानं जरूर जावं. पण इथला माणूस स्वतःची हौस कशी भागवतो, ते त्या जिप्सीत बसून कळायचं नाही. त्याची हौस बहुतेक वेळा वर्गणीतली असते. एकट्याच्या खिशाला न झेपणारी गोष्ट गाव मिळून करतो आणि खर्चासकट मजाही वाटून घेतो.

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या व जंगलाच्या पट्ट्यात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते आणि तिथून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. हंगाम नेमका याच दिवसांत का, याचं उत्तर शेतीत आहे. धान निघालेलं असतं, हातात चार पैसे असतात आणि बांध्या मोकळ्या असतात, म्हणजे नाट्यगृहाचं भाडं वाचतं. अनेक गावांत प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खणतात आणि निघालेल्या मातीचाच रंगमंच करतात. भोवती कनात, वर मंडप. मागे बसलेल्यालाही दिसावं म्हणून शहरातल्या नाट्यगृहाचा वास्तुविशारद जी युक्ती योजतो, तीच इथे कुदळ-फावड्यानं साधली जाते.

मुळात हे नाटक शंकरपटाच्या पाहुण्यांसाठी रुजलं असं जुनी माणसं सांगतात. बैलांच्या शर्यतीला लांबून लोक यायचे, रात्री परतायला साधन नसायचं, मग रात्र काढायची कशी? आधी दंडार आणि खडी गंमत या लोककला होत्याच. पुढे त्यांच्या शेजारी नाटक उभं राहिलं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात पट बंद होते, नाटक मात्र चालूच राहिलं. पाहुण्यांच्या सोयीसाठी आलेली गोष्ट एव्हाना घरचीच झाली होती.

या हंगामाची राजधानी म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरचं हे लहानसं शहर. इथे नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा भाड्यानं मिळते आणि गावोगावची मंडळं येऊन तारखा ठरवून जातात. गावाला दोन वाटा असतात. ऐपत असेल तर अख्खी कंपनी बोलवायची. नसेल तर गावातलेच हौशी नट उभे करायचे, फक्त स्त्री-भूमिकांसाठी बाहेरून कलावंत आणायच्या आणि साहित्य भाड्यानं घ्यायचं. दुसरी वाट मला जास्त आवडते. दिवसा नांगर धरणारा, किराणा दुकानात बसणारा किंवा शाळेत शिकवणारा माणूस रात्री राजा होतो, आणि त्या राजेपणासाठी त्याला पदरचं फार मोडावं लागत नाही. पाठांतर कच्चं राहिलं तर प्रॉम्प्टर असतोच. मुंबई-पुण्याच्या रसिकाला मंचावर टांगलेले माईक आणि मागून येणारा प्रॉम्प्टरचा आवाज खटकेल. खटकू द्या. तिथे बसलेल्या हजारो लोकांना तो खटकत नाही, आणि तिकीट त्यांनी काढलेलं असतं.

तिकिटातही सगळ्यांची सोय असते. पुढे खुर्ची, तिचे जास्त पैसे. खाली जमिनीवर बसलं तर कमी. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. मंडईच्या दिवशी घरोघर पाहुणे असतात, लेकी माहेरी येतात, लग्नाच्या सोयरिकी जुळतात. चार पैसे उरले तर मंदिर, शाळा अशा गावाच्या कामाला लागतात, आणि तोटा आला तर मंडळाची पोरं तो वाटून घेतात. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस झाला की तोटा ठरलेलाच. तरी पुढच्या दिवाळीत तीच पोरं पुन्हा वडशाच्या वाटेला लागतात.

हा नुसता विरंगुळा नाही, याची दखल उशिरा का होईना सरकारनंही घेतली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. शेती करणाऱ्या या नटानं सुमारे 800 भूमिका आणि 5000 प्रयोग केले. नाट्यशिक्षणाची संस्था जवळपास नव्हती. दर हंगामाची गावं हीच त्यांची शाळा.

दुसरी हौस त्याहून स्वस्त: पक्षी पाहणं. या भागात मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलावांचं हे सुटसुटीत नाव. थंडीत या तलावांवर उत्तरेकडून चक्रवाक आणि इतर बदकं उतरतात. अडई, वंचक, कमळपक्षी तर घरचेच. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी-लेखकानंसुद्धा नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणकाराकडून पुष्कळ शिकून घेतलं. त्यासाठी लागत होते ते वेळ आणि कान. चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर. हा आठवडा राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सुरुवात करायला याहून बरा मुहूर्त नाही.

दुर्बीण लगेच घेऊ नका. घ्यायचीच झाली तर चौघांत एक घ्या. फोन असेल तर मर्लिन हे अ‍ॅप फुकट आहे. माहितीचा संच आधी उतरवून ठेवला की नेटवर्क नसलेल्या भामरागडकडेही ते पक्ष्याचा आवाज ओळखायला मदत करतं. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये. आणखी एक सांगणं गरजेचं आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या बाजूला वाघ गावाच्या शिवारापर्यंत येतो आणि माणसं दगावतात. तेव्हा उजाडल्यावर, सोबतीनं आणि तलावाच्या मोकळ्या पाळीवरूनच पाहा. झुडपांत शिरून फोटो काढण्याची हौस इथे कुणालाच परवडणारी नाही.

चंद्रपूर शहरात राहणाऱ्याला गोंडकालीन परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे दरवाजे आणि त्यांना जोडणारी सुमारे 11 किलोमीटरची तटबंदी. झाडाझुडपांनी गिळलेला हा तट 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानानं साफ केला. इतिहासाची आवड असेल तर रविवारची सकाळ आणि पायात चपला एवढं पुरे.

आणि रात्री आकाश आहेच. शहराच्या दिव्यांपासून लांब, सिरोंचा-एटापल्लीकडे ते अजून काळंभोर दिसतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी गणेश हळकारे यांच्यासोबत विदर्भातल्या गोंड गावांत फिरून त्यांचं ताऱ्यांविषयीचं ज्ञान नोंदवलं आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांत गोंडांना म्हातारीची खाट दिसते आणि शेपटीच्या तिघांत ती पळवणारे चोर. मृगात त्यांना नांगर दिसतो. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून जळते लोळ जाताना लोकांनी पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं येऊन पडलं. ते चिनी अग्निबाणाचं असावं असा जाणकारांचा अंदाज. त्यानंतर कित्येक पोरं वर पाहू लागली असतील, तर तो अपघात फुकट गेला नाही.

वाचकांपैकी कुणाला यंदाच सुरुवात करायची असेल, तर 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री लक्षात ठेवा. मिथुन राशीतला उल्कावर्षाव तेव्हा ऐन भरात असतो आणि चंद्राचा उजेड नसेल तर काळोख्या गावातून तासाला पन्नासेक उल्का सहज दिसतात. दुर्बीण लागत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवा. थंडी कडाक्याची असते. पांघरूण दोन न्या, कारण शेजारचा बहुधा आणायला विसरतो.