वाट पाहण्याचं भाडं कोण देणार?

सप्टेंबर 2025 मध्ये ‘ब्लॅकबक’ या कंपनीने बंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागातलं आपलं ऑफिस हलवायचं ठरवलं, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. कर्मचाऱ्यांना ऑफिसात पोहोचायलाच दीड-दीड तास लागतो आणि रस्ते खड्ड्यांनी, धुळीने भरलेत, असं कारण दिलं गेलं. या कंपनीचा धंदाच मुळी ट्रकवाल्यांचा: त्यांना भाडी मिळवून देणं, फास्टॅग आणि जीपीएस पुरवणं. खोळंबा असह्य झाला की ऑफिस हलवता येतं, पण त्याच शहरातल्या यशवंतपूरच्या बाजारात निघालेल्या कांद्याच्या गाडीला तशी सोय नसते. तिला शहरात शिरावंच लागतं. मालवाहतुकीत कोणत्या रस्त्याने जायचं हे ठरवणं त्या मानाने सोपं असतं. वाटेत आणि वेशीवर जाणारा वेळ कुठे, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने जाणार, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडच्या नियोजनात हा वेळ फुकट धरला जातो, आणि जे फुकट धरलं जातं त्याची काटकसर कोणी करत नाही.

कोल्हापूर ते बंगळुरू हा सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास पाहा. निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकुरू, नेलमंगला असा राष्ट्रीय महामार्ग 48 सरळ जातो, त्यामुळे रस्ता निवडायला फारसा वाव नाही. वाव आहे तो निघण्याच्या वेळेत. बंगळुरूत जड गाड्यांना गर्दीच्या वेळी, आणि काही रस्त्यांवर तर दिवसभर, नो-एन्ट्री असते. उलट सकाळच्या सौद्याला माल बाजारात हजर हवा. म्हणजे बंगळुरूच्या वेशीवरच्या नेलमंगल्याला नेमकं केव्हा पोहोचायचं हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत गाडी केव्हा सुटायची ते काढायचं. कारखान्याचा माल असेल तर मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदतही पाहावी लागते. 2021 पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असा तिचा हिशेब आहे. ताशी 45 किलोमीटरची सरासरी धरली तरी हे सहाशे किलोमीटर तेरा-चौदा तासांचे होतात. 2025 पर्यंत लागू असलेला 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा मात्र दिवसाला आठ तासांचं काम सांगत होता आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. एकच चालक आणि ‘उद्या सकाळी माल पोहोचव’ असा हुकूम, हे दोन्ही एकत्र बसत नाही. तरीही गाड्या पोहोचतात, कारण कागदावर न बसणारे तास चालकाच्या झोपेतून काढले जातात.

यावर सहज सुचणारं उत्तर म्हणजे मोबाइलमधला नकाशा. तो रस्त्यावरची गर्दी क्षणाक्षणाला दाखवतो, मग अडचण कसली? पण हा नकाशा मुख्यतः मोटारीच्या नजरेने शहर पाहतो. तुमकुरू रस्त्यावरच्या पीण्या उड्डाणपुलाचं उदाहरण बोलकं आहे. आतल्या केबल गंजल्याचं आढळल्यावर डिसेंबर 2021 मध्ये तो बंद झाला. फेब्रुवारी 2022 मध्ये हलक्या गाड्या त्यावरून जाऊ लागल्या, जड गाड्यांना मात्र जुलै 2024 पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे पुण्याकडून येणाऱ्या मुख्य वाटेवर जवळपास अडीच वर्षं मोटारी वरून आणि ट्रक खालून, असे एकाच ठिकाणी दोन वेगळे रस्ते होते. मोटारीला लागणारा वेळ ट्रकला लावला की नियोजन पहिल्याच दिवशी कोलमडतं. शिवाय गोडाऊनच्या फाटकाबाहेरची रांग, हमाल जेवायला गेलेले, पावती करणारा जागेवर नाही, यातलं काहीच नकाशात येत नाही.

मोठ्या गाडीच्या शहरातल्या या अडचणींमुळे कंपन्या काम दोन टप्प्यांत विभागतात. मोठी गाडी नेलमंगला किंवा होसकोटेच्या गोडाऊनला माल उतरवते आणि तिथून छोटे टेम्पो शहरात वाटप करतात. इथे खरं गणित सुरू होतं. दहा दुकानांना कोणत्या क्रमाने जायचं याचे 36,28,800 पर्याय होतात आणि पंधरा दुकानांचे एक लाख कोटींहून जास्त. पंपांना पेट्रोल पोहोचवणाऱ्या टँकरच्या निमित्ताने डँट्झिग आणि रॅमसर या संशोधकांनी 1959 मध्ये हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला. आज संगणक त्याचं पुरेसं चांगलं उत्तर काही मिनिटांत देतो. तरी ते उत्तर रस्त्यावर जसंच्या तसं उतरत नाही. 2021 मध्ये अमेझॉनने एमआयटी या विद्यापीठाच्या साथीने एक स्पर्धा घेतली. अमेरिकेतल्या पाच महानगर भागांत चालकांनी प्रत्यक्ष घेतलेल्या हजारो फेऱ्यांची माहिती स्पर्धकांना दिली आणि सर्वांत कमी अंतराऐवजी अनुभवी चालकाच्या क्रमाशी जुळणारा क्रम शोधायला सांगितलं. गाडी कुठे उभी करता येते, कोणती गल्ली केव्हा तुंबते, हे चालकाला ठाऊक असतं, अशी या स्पर्धेमागची धारणा होती. इतकी साधनं हाताशी असलेली कंपनी चालकाकडून शिकू पाहते, यातून बरंच कळतं.

आक्षेप असा येईल की चालकाला मोकळीक दिली तर तो वाट वाकडी करेल, डिझेलचा हिशेब लागणार नाही. ही भीती अगदीच निराधार नाही, आणि मालकाने जीपीएस बसवण्यात गैर काही नाही. पण आज त्याचा उपयोग बहुधा चालकावर पाळत ठेवण्यापुरता होतो. तेच यंत्र गाडी कोणत्या फाटकावर किती तास उभी राहिली हेही नोंदवत असतं. एक चालक खोटं सांगू शकेल. पन्नास गाड्या महिनाभर एकाच गोडाऊनसमोर चार-चार तास उभ्या राहत असतील, तर दोष त्या गोडाऊनचा.

दुसरा आक्षेप असा की नवे रस्ते झाले की प्रश्न सुटेल. बंगळुरूभोवती सुमारे 280 किलोमीटरचा सॅटेलाइट टाउन रिंग रोड होतो आहे आणि त्यातला दाबसपेट ते होसकोटे हा टप्पा वापरात आला आहे. पुण्याहून चेन्नईला जाणारी गाडी अशा रस्त्याने शहराला वळसा घालू शकेल, हा मोठाच फायदा. पण जो माल बंगळुरूकरांसाठीच आलेला आहे, तो वळसा घालून कुठे जाणार? तो पुन्हा वेशीवर येऊन नो-एन्ट्री उठण्याची वाट पाहणार.

उरतो तो पैशाचा आक्षेप: हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचं भाडं, द्यायला गिऱ्हाईक तयार होत नाही. पण गिऱ्हाईक आजही ते देतंच आहे, फक्त वेगळं दिसत नाही. महिन्याला आठ फेऱ्या करू शकणारी गाडी पाचच करत असेल, तर तिचा हप्ता, विमा आणि चालकाचा पगार त्या पाच भाड्यांतूनच निघतो. थांबण्याचा दर बिलात वेगळा लिहिला की माल लवकर उतरवणाऱ्याला स्वस्त पडेल आणि गाडी ताटकळत ठेवणाऱ्याला महाग. मग गोडाऊनवाला गाड्यांना उतरवण्याच्या ठरावीक वेळा देईल, दुकानदार पहाटे माल घ्यायला माणूस ठेवेल. ठरल्या वेळेत माल उतरवून द्यायचा आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाचे पैसे मोजायचे, त्यात चालकाचा वाटा धरायचा, एवढी एक ओळ भाड्याच्या करारात आली, तर ती कोणत्याही नकाशापेक्षा जास्त वेळ वाचवेल.