आधीच औषध द्यावे काय?

एका मुलाला मधुमेह झाला, की आईवडिलांना धास्ती वाटते ती त्याच्या भावंडांची. यांना आधीच काही देता येईल का?

प्रकार १ च्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. लक्षणे दिसण्यापूर्वी हे काम महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांवरून ते ओळखता येते.

निकोटिनामाइड हे 'ब' गटातील जीवनसत्त्व दिल्यास उंदरांमध्ये मधुमेह लांबतो, असे आढळले होते. मग वाट कशाला पाहायची? तरीही शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या ५५२ नातेवाइकांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला जीवनसत्त्व दिले, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात ८२ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यात ७७ जणांना!

गोळी घेऊनही बहुतेकांना मधुमेह झाला नव्हता, हे लक्षात घ्या. दुसरा गट नसता, तर प्रत्येक घराने श्रेय गोळीलाच दिले असते.

टेप्लिझुमॅब हे औषध अशाच कसोटीला उतरले. ते रोग टाळत नाही, पण सुमारे दोन वर्षे लांबवते. अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली.

सिद्ध न झालेले औषध मनाने देऊ नये. मात्र खूप तहान, वारंवार लघवी, घटते वजन दिसताच मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. वर्गात हे प्रथम शिक्षकांच्याच नजरेस पडू शकते.