आधी कोपर, मग टेबल

मराठी मध्यमवर्गीय घरात संगणकाला उरलीसुरली जागा मिळते. दिवाणाशेजारचा कोपरा, मुलांचं जुनं अभ्यासाचं टेबल, नाहीतर जेवणाच्या टेबलाचं एक टोक. अर्धा तास मेल बघायची असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण जो घरूनच काम करतो, त्याचा अख्खा दिवस त्या जागेवर जातो. मग मान, खांदे आणि मनगटं एकेक करून बोलायला लागतात. मी मुद्रितं तपासते आणि अक्षरजुळणी करते. संध्याकाळी त्याच जागेवर माझा मुलगा त्याची ड्रॉइंगची सॉफ्टवेअर उघडून बसतो. माझी उंची ५ फूट २ इंच, त्याची ५ फूट १० इंच. दोघांना सोसेल असं एकच टेबल सुताराकडून घरी करून घ्यायचं ठरलं, आणि या कामात लाकडापेक्षा टेप जास्त चालते हे त्या निमित्ताने बघायला मिळालं.

आमचे मिस्त्री मूळचे राजस्थानचे, पण मराठी अस्सल पुणेकराची. आल्या आल्या त्यांनी भिंत मोजली. लांबी, खोली लिहून घेतली आणि उंचीचा रकाना न विचारताच भरला. "ताई, टेबल तीस इंचच असतं. सगळ्यांना तेवढंच करून देतो."

तीस इंच हा आकडा सुतारकामात मुरलेला आहे. जेवणाचं टेबल तेवढंच, लिहिण्याचंही साधारण तेवढंच. ताटातला घास उचलायला किंवा वहीवर वाकून लिहायला ती उंची चालते. टायपिंगचं गणित वेगळं. दंड खांद्यापासून सरळ खाली लोंबावा, कोपर काटकोनात यावं आणि हात तसाच पुढे कीबोर्डवर पडावा. टेबल त्याहून उंच असलं की माणूस नकळत खांदे वर चढवतो आणि दिवसभर तसेच धरून ठेवतो. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू संध्याकाळी दगडासारखा होतो तो यामुळे. यावर खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते.

म्हणून पहिली खरेदी खुर्चीची. टेबलाचं माप खुर्चीवर बसलेल्या माणसावरून निघतं, त्यामुळे खुर्ची घरात आल्याशिवाय सुताराला बोलवण्यात अर्थ नाही. दुकानात खुर्चीवर पाच मिनिटं टेकून उठू नये. पाठ पूर्ण मागे टेकवावी आणि बैठकीची पुढची कड व गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जातात का ते बघावं. आपल्याकडच्या बुटक्या बायकांना बऱ्याच खुर्च्यांची बैठक खोल पडते. मग पाठ टेकवली की गुडघे आवळतात आणि गुडघे मोकळे ठेवले की पाठ अधांतरी राहते. हात ठेवायचे दांडे खालीवर होणारे असावेत. ते टेबलाच्या कडेला अडले तर खुर्ची आत सरकत नाही आणि माणूस पुढे वाकून बसतो. शिवाय आपल्यातले निम्मे लोक खुर्चीवरही मांडी घालून बसतात. त्यांनी त्याच अवस्थेत बसून बघावं, दुकानदार काहीही म्हणो.

खुर्ची आली, मिस्त्रींनी टेप काढली. तळपाय जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात, दंड सैल. जमिनीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंत माझं माप भरलं २५ इंच, मुलाचं साडेसत्तावीस. अनवाणी मोजलं, कारण घरात आपण अनवाणी असतो. ऑफिसच्या फर्निचरची मापं पायात बूट आहेत असं धरून ठरवलेली असतात, इंचभराचा फरक तिथेच पडतो. मिस्त्रींनी दोन्ही आकडे प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहिले, तीस इंचाशी ताडून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्यासाठी पाच इंच जास्त होत होतं की!"

आता दोन माणसांचं एक टेबल. उंची थोरल्या मापावर ठरवायची, कारण बुटक्या माणसाला वर उचलता येतं, उंच माणसाचे गुडघे तासता येत नाहीत. कीबोर्डची जाडी वजा करून उंची २७ इंच ठरली. मी बसताना खुर्ची अडीच इंच वर घेते आणि पायाखाली जुना शिसवी पाट सरकवते. बाजारात फुटरेस्ट नावाने जे मिळतं त्याचं काम तो चोख करतो. मोटरवर खालीवर होणाऱ्या टेबलांचाही विचार झाला. उभं राहून काम करायचं तर ती चांगली. पण दोन टप्प्यांच्या अनेक फ्रेम २७-२८ इंचांच्या खाली उतरत नाहीत, वर फळीची जाडी वेगळी. घेणाऱ्याने सर्वांत वरचं माप विचारण्याआधी सर्वांत खालचं विचारावं.

खोलीवरून पुन्हा चर्चा झाली. प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा असतो. तो उभा मधोमध कापला की चोवीस-चोवीस इंचांच्या दोन पट्ट्या पडतात आणि काही वाया जात नाही, म्हणून सुताराला चोवीस इंच खोली प्रिय. पण पडदा डोळ्यांपासून हातभर लांब हवा, त्याच्या पुढे कीबोर्ड आणि कीबोर्डच्या पुढे मनगट टेकायला चार-सहा इंच. माझ्या कामात कागदही पसरतात. आम्ही तीस इंच घेतले. उरलेल्या अठरा इंची पट्टीतून मागचा आडवा पाट आणि संगणकाच्या डब्यासाठी घोडी निघाली. पाच फूट लांबी कापल्यावर उरलेल्या तीन फुटांतून दोन बाजू. कापण्यापूर्वी मिस्त्रींनी तावावर हे सगळं खडूने आखून दाखवलं, तेव्हा वाया गेलेला तुकडा वीतभरही नव्हता.

प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणला. तिथे 'वॉटरप्रूफ' हा शब्द सगळेच वापरतात, त्यामुळे तावावरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा, आयएस ७१० हा मरीन प्लायचा. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तोही असावा. कोरड्या खोलीतल्या टेबलाला मरीनची गरज नाही. आमची भिंत बाहेरची आणि पावसाळ्यात तिला ओल येते, म्हणून टेबल भिंतीपासून दीड इंच सोडून उभं केलं. त्या फटीतून सगळ्या वायरी खाली उतरल्या, फळीला भोक पाडावं लागलं नाही.

एकोणीस मिलिमीटरची फळी पाच फूट मोकळी सोडली तर काही वर्षांत मध्ये झोल येतो. नेहमीचा उपाय म्हणजे पुढून तीन-चार इंचांची पट्टी किंवा ड्रॉवर. दोन्हींनी मांड्यांची जागा खाल्ली जाते. ड्रॉवर आम्ही सरळ रद्द केला. मागचा आडवा पाट भार घेतो आणि पुढच्या कडेला खालून प्लायचीच दोन इंच रुंद पट्टी चिकटवून तेवढ्यापुरती जाडी दुप्पट केली. मागचा पाट मात्र अगदी मागच्या कडेला नव्हे, चार इंच आत बसवला. पडदा धरणाऱ्या आर्मचा शिकंजा टेबलाच्या मागच्या कडेला आवळायचा असतो, त्याच्या खालच्या जबड्याला जागा लागते. मिस्त्रींनी या आधी असा आर्म पाहिला नव्हता. त्यांनी तो खोक्यातून काढून प्लायच्या तुकड्यावर आवळून बघितला आणि मगच मागच्या पाटाची रेघ मारली.

सनमायका बसवण्याचं काम तब्येतीत बघण्यासारखं असतं. फेविकॉल फळीवर ओतायचा, दातेरी पत्र्याने एकसारखा पसरायचा, वर ताव ठेवून मधून बाहेर हात फिरवत हवा काढायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. वरून एक मिलिमीटरचा, चकाकी नसलेला घेतला. गुळगुळीत चमकता सनमायका दुकानात सुंदर दिसतो आणि घरी ट्यूबलाइटचा झोत थेट डोळ्यांत फेकतो. खालच्या बाजूलाही पातळ ताव लावायला लावला. एकाच अंगाला लावला तर हवेतल्या दमटपणाने फळी एका बाजूला कमान घेते. ही खालची बाजू कुणाला दिसत नाही, म्हणून पैसे वाचवायला ती पहिली कापली जाते. सांगितल्याशिवाय ती होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला पुढच्या कडेवर. मनगट आणि हाताचा पुढचा भाग तिथे टेकतो. काटकोनी कड असेल तर तिची रेघ कातडीवर उमटते आणि खालची नस दाबली जाते. मिस्त्रींनी सागाची पट्टी आणली, कडेला चिकटवली आणि बिनडोक्याचे खिळे ठोकून लाकडात बुडवले. मग रंधा. आधी कोपरा मारला, मग त्या कोपऱ्याचे कोपरे. मधूनच डोळे मिटून अंगठा लांबवर फिरवायचे आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलची खूण करायचे. कानस, मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत आणि नंतर बारीक. एके ठिकाणी सनमायका आणि साग यांच्यात सुताचा चौथा हिस्साही नसेल इतकी पायरी राहिली होती. एका सुतात एक अष्टमांश इंच, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे मिलिमीटरपेक्षा कमी. मला ती दिसली नाही. त्यांच्या अंगठ्याला लागली आणि त्यांनी पुन्हा रंधा उचलला.

पडद्याचा नियम सोपा आहे: वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. पण चाळिशीनंतर यात एक मेख आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं बघायची जागा भिंगाच्या खालच्या भागात असते. पडदा नियमाप्रमाणे उंच लावला की आपण हनुवटी वर करून खालच्या भिंगातून वाचतो, आणि मान मागे मोडते. अशांनी पडदा बराच खाली घ्यावा, नाहीतर फक्त संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करावा. आर्मचा खरा उपयोग इथे होतो. मी उठले आणि मुलगा बसला की तो पडदा एका हाताने वर ढकलतो. आर्म घेण्याआधी पडद्याच्या पाठीवर चार स्क्रूंची भोकं १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटरवर आहेत का ते तपासावं. स्वस्तातल्या काही पडद्यांना ती नसतात.

मुद्रितशोधकाची मान पडद्यापेक्षा कागदामुळे जास्त मोडते. कागद टेबलावर सपाट, पडदा समोर उभा, आणि दर ओळीला खाली-वर. त्यावर मिस्त्रींनी प्लायची उतरती फळी करून दिली, खाली कागद अडायला पट्टी असलेली. ती कीबोर्ड आणि पडदा यांच्या मध्ये बसते. पेढीवरच्या मुनीमजींच्या उतरत्या डेस्कमागे हीच अक्कल होती. कीबोर्ड मी आकड्यांचा वेगळा गठ्ठा नसलेला घेतला. इनस्क्रिप्टने टाइप करताना तो गठ्ठा क्वचितच लागतो, आणि तो नसला की माउस वीतभर जवळ येतो. उजवा खांदा बाहेर ताणावा लागत नाही.

विजेचं काम लोक शेवटी करतात, ते प्लाय कापण्याआधी व्हावं. जुन्या इमारतीत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंग असतंच असं नाही. मग संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येत असतो, त्याला जमिनीत जायला वाट नसते, आणि अनवाणी माणूस ती वाट होतो. आमच्या वायरमनने टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावून दाखवला, दिवा पेटलाच नाही. मीटरपासून नवीन अर्थिंगची तार ओढली. साध्या कामाच्या संगणकाला आणि पडद्याला मिळून ६०० व्हीएचा यूपीएस फाइल जतन करून बंद करण्याइतका वेळ देतो. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये, गरम होताना तो एकदम खूप वीज ओढतो.

संगणकाचा डबा जमिनीवर ठेवायचा नाही, कारण आपल्या घरात फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. शिवाय केरातली धूळ खालच्या पंख्याकडे ओढली जाते. चार इंच उंच घोडी, मागे वीतभर मोकळी हवा, एवढं पुरतं. टेबल खिडकीला काटकोनात ठेवलं. खिडकी समोर आली तर डोळे दिपतात, पाठीमागे आली तर पडद्यात दिसते.

बसून काम करणाऱ्यांची दुखणी आजची नाहीत. इटलीतल्या मोदेनात १७०० साली बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ छापला. त्यात लेखनिकांच्या दुखण्याची कारणं त्याने सांगितली आहेत: सतत बसणं, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. टेबलाने यातल्या दुसऱ्या कारणाला बराच आराम पडतो. पहिल्या कारणावर सुताराकडे औषध नाही, अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायला जावंच लागतं.

असं टेबल करायचं मनात असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी खुर्ची, मग अर्थिंग, मग टेबल, आणि संगणक सगळ्यात शेवटी. संगणक पाच-सात वर्षांत बदलावाच लागतो, नीट केलेलं टेबल वीस वर्षं टिकतं. सुतार घरी आला की भिंतीचं माप त्याला घेऊ द्या, पण उंचीचा आकडा तुमच्या कोपराखालून काढलेला असू द्या.