पतंगी कागद आणि ताण

गौरी-गणपती आले की करमाळ्यातही पतंगी कागदाची आरास घरोघरी होते. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्यांचं सगळं करणाऱ्यांनी स्वतःचा ताण हलका करायला हा कागद वर्षभर हाताशी ठेवावा. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग, कागद हवे तसे हाताळू दिले. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. हात कसलेला असो वा नवखा. (तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा याला औषध म्हणू नये.)

कागदाची सोय वेगळीच. घडीवर नख ओढलं की तंतू कायमचे वाकतात. त्यामुळे मध्येच रुग्णाच्या गोळीची वेळ झाली तरी काम बिघडत नाही. फक्त हात कोरडे हवेत, पतंगी कागदाचा रंग सुटतो.