हाललं का गं?

पाचवा महिना लागला की सातारा-सांगलीकडच्या घरांत सुनेला एक प्रश्न दिवसातून दोनदा तरी ऐकावा लागतो : "हाललं का गं?" विचारणारी सासू असते, जाऊ असते, नाहीतर नळावर भेटलेली शेजारीण. काय हाललं, हे सांगायची गरज नसते. पहिलटकरीण मात्र गोंधळलेली असते. काल रात्री पोटात काहीतरी चुळबुळलं खरं. पण ते बाळ होतं की वांग्याची भाजी, हे तिला छातीठोकपणे सांगता येत नाही.

तिचं काही चुकत नाही. पहिली हालचाल म्हणजे लाथ नव्हे. कुणाला बुडबुडा फुटल्यासारखं वाटतं, कुणाला मासळी वळवळल्यासारखं, तर कुणी वायगोळा समजून ओवा चघळते. पहिल्या खेपेला ही जाणीव बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान होते. दुसऱ्या खेपेला ओळख पटलेली असते, म्हणून १६व्या आठवड्यातही कळते. वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर मध्ये उशी ठेवल्यासारखं होतं आणि आणखी थोडं थांबावं लागतं. बाळ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हलत असतं. सातव्या-आठव्या आठवड्यात, घेवड्याच्या दाण्याएवढं असतानाच, सोनोग्राफीत त्याची वळवळ दिसते. पण गर्भजलात तरंगणाऱ्या एवढ्याशा जिवाचा धक्का आईला जाणवणार कसा?

म्हणजे मिरजेच्या किंवा कराडच्या दवाखान्यात आज आई बाळाला हलताना आधी पडद्यावर पाहते आणि पोटात ते तिला नंतर कळतं. तिच्या पणजीचा क्रम उलटा होता. पाळी चुकण्याची कारणं अनेक असत : अंगावर दूध पाजणं, आजारपण, अशक्तपणा. पोटात हाललं की मगच दिवस गेल्याची खात्री पटे. याच सुमारास, पाचव्या महिन्यात, घरातल्या घरात, बोभाटा न करता चोरओटी भरायची रीत अनेक घरांत आहे. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाचा थाट या ओटीला नसतो.

या 'डोहाळे' शब्दातच एक जुनी कल्पना दडलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि स्त्री दोन हृदयांची होते, म्हणून ती 'दौहृदिनी'. तिच्या इच्छा या एकटीच्या नसतात, आतल्या जिवाच्याही असतात. त्याच कुळातला 'दोहद' हा शब्द प्राकृतातून घासत घासत मराठीत 'डोहाळे' होऊन आला. चिंचेचं बुटुक मागणारी बाई दोन हृदयांच्या वतीने बोलते, हे आपण कधीच विसरून गेलो.

कायदा मात्र पोटातली हालचाल विसरला नाही. इंग्रजी कायद्यात पोटातलं बाळ हलायच्या आधीचा आणि नंतरचा गर्भ यांत फरक केला जाई. तो फरक १८६०च्या भारतीय दंडविधानात कलम ३१२ म्हणून आला : बेकायदा गर्भपाताला एरवी ३ वर्षांपर्यंत कैद, पण बाळ हलू लागल्यानंतर ७ वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही तो तसाच आहे. वैद्यकीय गर्भपाताचा १९७१चा कायदा आठवडे मोजतो. फौजदारी कायदा अजून आईच्या पोटातल्या त्या चुळबुळीचा हवाला देतो. ती पहिली जाणीव तिच्याशिवाय कुणालाच होत नाही, हे ध्यानात घेतलं तर ही तरतूद मोठी चमत्कारिक वाटते.

पोटात हाललं ही बातमी प्रत्येकीला सुखाचीच असे, असंही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या विधवेला पोटातली पहिली हालचाल म्हणजे विहिरीची वाट होती. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई आणि ज्यांचं मूळ गाव त्याच जिल्ह्यातलं कटगुण, ते जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच बायकांसाठी. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत या जोडप्याने दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला.

आणि मुलगी असेल तर? उजवीकडे हाललं तर मुलगा, डावीकडे हाललं तर मुलगी, असं अजून सांगितलं जातं. बाळ पोटात दोन्हीकडे फिरतं, त्यामुळे या भाकिताला काडीचाही आधार नाही. पण या दोन जिल्ह्यांत ही थट्टा म्हणून सोडून देता येत नाही. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४चा. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशा', म्हणजे नकोशी, असं नाव ठेवलेल्या २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावं द्यावी लागली आणि मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले.

पहिली हालचाल कळली की घरात पेढे येतात आणि मग तो विषय मागे पडतो. खरं तर लक्ष ठेवायचं काम तिथून पुढे सुरू होतं. २८व्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक बाळाची हलण्याची स्वतःची तऱ्हा ठरते. ते पोटात झोपतंही, एका वेळी साधारण २० ते ४० मिनिटं. बहुतेकींना हालचाल संध्याकाळी आणि रात्री जास्त कळते, कारण तेव्हा त्या आडव्या झालेल्या असतात. उचक्या निराळ्या : एका लयीत, ठक ठक. शंका आली तर डाव्या कुशीवर निवांत पडायचं आणि मोजायचं. दोन तासांत दहा हालचाली, हे बरेच डॉक्टर सांगतात ते माप. नुसतं मोजल्याने बाळ वाचतंच असं मात्र नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून अधिक गरोदरपणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हालचालींबाबत जागृती करून मृतजन्म ठळकपणे घटलेले दिसले नाहीत. म्हणून आकड्यापेक्षा नेहमीची तऱ्हा बदलली का, हे महत्त्वाचं.

निवांत पडायला मिळालं तर! कृष्णाकाठच्या उसाच्या फडात दिवाळीनंतर तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईने बाळ कधी हाललं ते केव्हा न्याहाळायचं? सगळं अंगच हलत असताना आतलं हलणं कळत नाही. सल्ला देणाऱ्यांनी तिच्या दिवसातले ते दोन तास आधी शोधायला हवेत, टोळीच्या मुकादमानेही.

दिवस भरत आले की बाळ कमी हलतं, ही समजूत घराघरांत आहे आणि ती चुकीची आहे. जागा कमी पडल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी सरकणं-ढुसकणं वाढतं. हालचाल मंदावत नाही. गार सरबत पाजून सकाळपर्यंत वाट पाहण्यात वेळ जातो, त्याचा भरवशाचा उपयोग नाही. तेव्हा रात्री अकरा वाजता घरातली गरोदर बाई म्हणाली की आज बाळ रोजच्यासारखं हलत नाही, तर तिला समजावत बसू नका. त्याच वेळी दवाखान्यात न्या. १०८ला फोन लावला की रुग्णवाहिका येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.