तुटलेले दुवे : शोध व दुरुस्ती

शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलविले, पण नोंदवहीत जुन्याच कपाटाचा क्रमांक राहिला, तर पुस्तक शाळेत असूनही विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. संकेतस्थळावरील तुटलेल्या दुव्याची गत अशीच असते. दुवा म्हणजे दुसऱ्या पृष्ठाचा लिहून ठेवलेला पत्ता. ते पृष्ठ हलविले, त्याचे नाव बदलले अथवा ते काढून टाकले, म्हणजे पत्ता निरुपयोगी होतो. पडद्यावर बहुधा ४०४ हा आकडा येतो. मागितलेले पृष्ठ या जागी सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा दोष महाजालाच्या रचनेतच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली महाजालाची योजना मांडली, तीत दुवा एकमार्गी ठेवला. कोणीही कोणाच्याही पृष्ठाकडे परवानगीवाचून दुवा देऊ शकतो; त्यामुळे महाजालाची वाढ झपाट्याने झाली. परंतु आपल्याकडे कोणाकोणाचे दुवे येतात, याची खबर त्या पृष्ठाच्या मालकास नसते. तो पत्ता बदलतो, तेव्हा कळविणार कोणास? प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उघडत नव्हती.

आपल्या परिसरातील उदाहरण मराठी विश्वकोशाचे घेता येईल. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे हे खंड महाजालावर आले आणि कालांतराने त्यांचा तेथील पत्ता बदलला. ज्ञान जागेवर आहे. पण जुना पत्ता उतरवून ठेवलेल्यास ते हरवल्यासारखे वाटते.

समजा, माधवनगरच्या एखाद्या शाळेने आपल्या पृष्ठावर पाठांचे, शिष्यवृत्तीच्या सूचनांचे व विश्वकोशातील नोंदींचे मिळून चाळीस दुवे दिले आहेत. आईचा फोन अर्धा तास मिळालेले मूल त्यातील तीन दुवे दाबते आणि तिन्ही उघडत नाहीत. चौथा ते दाबणार नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाचाच दुवा तुटलेला असेल, तर मुदतही टळेल. याहून वाईट प्रकार असा की, सोडून दिलेल्या संकेतस्थळाचे नाव दुसराच कोणी विकत घेतो आणि पाठाच्या जागी जुगाराची जाहिरात उघडते. यास्तव दुव्यांची तपासणी हे शिक्षकाचेच काम होय.

जडवस्तुसंग्रह नोंदवहीप्रमाणे दुव्यांचीही नोंदवही ठेवावी. तीत दुव्याचा पत्ता, पृष्ठाचे शीर्षक, लेखक अथवा संस्था, आणि तपासल्याची तारीख असे रकाने असावेत. प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्व दुवे एकेक करून उघडावेत. दुवे शेकड्यांनी असल्यास तपासणीची विनामूल्य साधने महाजालावर मिळतात. तथापि उघडलेले पृष्ठ पूर्वीचेच आहे की नाही, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड हाही दुवाच असल्याने तोही वर्गापूर्वी उघडून पाहावा. गावात नेटची ओढाताण असते. म्हणून एकदा न उघडलेला दुवा लगेच मृत ठरवू नये. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फोनवरून पुन्हा पाहावे.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. प्रथम पत्त्यातील अक्षरे तपासावीत. एखादे अक्षर गळलेले किंवा मध्ये रिकामी जागा पडलेली असते. नंतर त्या संस्थेच्या मुखपृष्ठावर जाऊन शीर्षकाने शोध घ्यावा. तेथे न मिळाल्यास इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता घालावा. ही संस्था १९९६ पासून पृष्ठांच्या प्रती जतन करीत आली आहे. प्रत मिळाली तर तिचा दुवा द्यावा व ती जुनी प्रत आहे असे लिहावे. काहीच न मिळाल्यास दुवा काढून टाकावा. शीर्षक मात्र ठेवावे, म्हणजे पुढे कोणास तरी शोध घेता येईल.

शिक्षकाने स्वतः ठेवलेल्या फाइलीचा दुवा त्याच्या फोनवर उघडतो, पण परवानगी दिलेली नसल्यास पालकाच्या फोनवर उघडत नाही. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या फोनवर खात्री करावी. शाळेचे स्वतःचे पृष्ठ हलवावे लागले, तर जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर जाईल अशी व्यवस्था करून घ्यावी. निदान तेथे नवा पत्ता तरी लिहावा.

दुवा देणे म्हणजे मुलाला वाट दाखविणे होय. दाखविलेल्या वाटेवर सत्रातून एकदा तरी स्वतः चालून पाहिले, तर त्या मुलाचा अर्धा तास वाया जाणार नाही.