यंत्र आले, कोयत्याचे काय?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे दिसू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जायचे, ही दरसालची रीत. शेतकरी बंधूंनो, या रीतीला आता यंत्राचा धक्का बसतो आहे.

हिशेब साधा आहे. सराईत जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. चांगल्या रानात तोडणी यंत्र शंभर टनांपर्यंत जाते. म्हणजे पन्नास कोयत्यांचे काम एक यंत्र करते आणि त्याला माणसे लागतात आठ-दहा. २०२३ साली राज्य शासनाने ९०० यंत्रांसाठी ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदानाची योजना काढली. कारखान्यांची अडचणही खोटी नाही. टोळ्या वेळेवर येत नाहीत आणि ऊस रानात वाळतो.

मग मजुरांचे काम उद्याच संपणार का? तसे नाही. यंत्राला चार-पाच फुटी सरी लागते, फिरायला जागा लागते. बारकी, वेडीवाकडी रानं त्याला जमत नाहीत. पण खरी गोम इथेच आहे. फडावर एक मजूर मला म्हणाला, "सायेब, उभा ऊस मशीन नेती, पडलेला आमच्या वाट्याला येतो." पडलेला ऊस तोडायला वेळ जातो, टन कमी भरतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण पैसे मिळतात टनावर. टनच घटले तर उचल फिटायची कशी? ती पुढच्या सालावर चढते. शिवाय यंत्र वाढ्याचेही तुकडे करून रानात टाकते. बैलांची वैरण गेली.

तेव्हा आपण काय करायचे? उचल घेताना हातच्या तोडीचे रान किती मिळणार, हे मुकादमाला आधी विचारा. उचलीचा आकडा लिहून घ्या. घरातल्या शिकल्या-सवरलेल्या पोराला ट्रॅक्टर, हायड्रॉलिक दुरुस्तीचे काम शिकवा. चालक आणि मेस्त्री लागणारच आहेत, ते आपल्याच तांड्यातले का नसावेत?

यंत्राला अनुदान मिळते, ते चांगलेच. पण कोयता खाली ठेवणाऱ्या हातांना शिकवण्यासाठीही तेवढीच तरतूद हवी. ही मागणी ग्रामसभेतून गेली पाहिजे. कोयते गावाबाहेर पडण्याआधीच ग्रामसभेत हा विषय काढा.